पाऊल कमी नाही, पाऊल जास्त नाही

“डोंबाळवाडी?” तव्यातली भाकरी उलटायची सोडून आई माझ्याकडे वळली.

“व्हय. गणितानं आलंय.”

“गणिताला इचार, कधी तिकडं गेलावतास का म्हणून! हौसी तिच्या अंगणात खाकरली तर डोंबाळवाडीत ऐकू जातं. ती पदर खोचून चार पावलं टाकणार, आन् मी हितनं उन्हातान्हात दोन गाड्या बदलून जायचं. हेला निम्मं म्हणतात व्हय गं तुमच्या शाळंत?”

भाकरी करपली. आमच्या अण्णांनी ती मुकाट्यानं ताटात घेतली आणि कुसकरून खाल्ली. बायको आणि मेहुणी यांच्या मध्ये जो शिरतो त्याला दोन्हीकडून मार बसतो, असं ते म्हणत. बारा वर्षांत ते या भांडणात एकदाही शिरले नव्हते.

आई आणि हौसामावशी बारा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आमचं मूळ गाव आंबेघोळ. दोघी बहिणी तिथंच जन्मल्या आणि गावातच दिल्या. मी तीन वर्षांची असताना धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, आणि सरकारनं माणसांची वाटणी केली. आम्ही पडलो पाण्याच्या या अंगाला माळवसाहतीत, मावशी पडली पलीकडच्या वसाहतीत. भाऊ नव्हता. त्यामुळं आजीच्या घरातलं सामान हलवायचं काम या दोघींवरच आलं. आजी आमच्या ट्रकात बसली आणि उरलेलं सामान मावशीनं भरलं. त्या धांदलीत आजीच्या पाट्यावरवंट्याची फाटाफूट झाली. वरवंटा आजीच्या गाठोड्यातून आमच्याकडे आला आणि पाटा गेला मावशीकडे.

वर्षाच्या आत आजी गेली. तिच्या तेराव्याला आई म्हणाली, “अक्के, पाटा आणून दे. आयचा पाटावरवंटा एका जागी असू दे.” मावशी म्हणाली, “न्हाई देणार.” का, तर उत्तर नाही. मग आई चारचौघांत बोलून गेली, “आयचा पाटा दाबून बसलीस व्हय!” मावशी तशीच उठली. “तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवायची न्हाई,” म्हणाली आणि भरल्या पंक्तीतून निघून गेली.

झालं. त्यानंतर लग्नाकार्यांतून निरोप तेवढे फिरत राहिले. मावशी म्हणायची, “मी थोरली हाय. धाकटीनं यावं.” आई म्हणायची, “रुसून ती गेली. तिनं यावं.” वरवंटा आमच्या फडताळावर पालथा पडून राहिला. आईनं नवा पाटा घेतला, त्याच्याबरोबर नवा वरवंटाही घेतला, पण त्या जुन्याला कधी हात लावू दिला नाही.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण माझी अकरावी झाली त्या वर्षी आईच्या अंगावरून जायला लागलं. महिन्यातले पंधरा दिवस ती पांढरीफटक असायची. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवी काढायला सांगितली, तारीख दिली. आई गेलीच नाही. दुसरी तारीख दिली. तीही टाळली.

“का येत नाही तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“बघायला माणूस न्हाई, बाई.”

“ही एवढी घोडी मुलगी आहे की. नवरा आहे.”

आई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “ही हाय. पण माणूस न्हाई.”

बाहेर आल्यावर मी म्हणाले, “आई, माणूस म्हंजी मावशी ना? बोलवू का?”

“बोलवायला मी काय तिची थोरली हाय? आन् तिच्या कानावर घालशील तर याद राख. दया म्हणून आलेली मला नको.”

तिसरी तारीख होती मेच्या शेवटच्या शुक्रवारची. “आता टाळलंत तर मी जबाबदार नाही,” असं बाईंनी बजावलं होतं. मला रात्री झोप लागेना. उशाशी बहीण नसली तर ही बाई टेबलावर चढणार नाही आणि बहिणीला बोलावणारही नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि त्याच सुट्टीत गणिताच्या हणबर सरांनी घरचा अभ्यास दिला होता. आपल्या भागाचा नकाशा आलेखाच्या कागदावर उतरवायचा, एक चौकोन म्हणजे एक किलोमीटर. कुठलीही दोन ठिकाणं घ्यायची आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक काढायचा. म्हणजे काय, तर त्या रेषेचा मध्यबिंदू शोधायचा आणि त्यातून काटकोनात दुसरी रेषा न्यायची. “या रेषेवर कुठंही उभे राहा,” सर म्हणाले होते, “दोन्ही ठिकाणं तुमच्यापासून सारखीच लांब. ना उणं ना अधिक.”

ते वाक्य मला त्या रात्री आठवलं आणि मी अंथरुणात उठूनच बसले.

सकाळी आईला म्हणाले, “तू तिच्याकडं जायचं न्हाई, तिनं तुझ्याकडं यायचं न्हाई. दोघींना सारखंच लांब पडंल असं ठिकाण काढून दिलं तर?”

आईनं बराच वेळ शेंगा फोडल्या. मग म्हणाली, “सारखं म्हंजी सारखं? पाऊल कमी न्हाई, पाऊल जास्त न्हाई?”

“न्हाई.”

“काढ मग.”

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावरून मी सगळं उतरवलं. आमची वसाहत पडली दोन, नऊवर. मावशीची दहा, तीनवर. दोघींना जोडणाऱ्या रेषेचा चढ आला उणे तीन छेद चार. आता लंबाचा चढ काढायचा तर हा अपूर्णांक उलटा करायचा आणि चिन्हही बदलायचं. दोन कामं. सर वर्गात ओरडून सांगायचे, “एक काम विसराल तर भलत्याच्या दारात जाऊन पडाल!” मी उलटा केला आणि घाईत चिन्ह बदलायचं विसरले. उणे चार छेद तीन धरून रेषा ओढली ती थेट मावशीच्या कुशीत, डोंबाळवाडीला.

म्हणून ती भाकरी करपली. दोन यत्ता शिकलेल्या माझ्या आईनं, वहीकडे न बघता, नुसतं गावाचं नाव ऐकून माझी चूक पकडली होती. माझं डोकं तापलं होतं, तरी मी पुन्हा बसले. चिन्ह बदललं, रेषा ओढली. आता ती वर नऊ, दहावर खडीफाट्यातून गेली. दोन्हीकडून अंतर काढलं. वर्गमुळात पन्नास इकडून, वर्गमुळात पन्नास तिकडून.

“खडीफाटा,” मी म्हणाले.

आईनं मनात दोन्ही वाटा चालून बघितल्या. मला तिचे ओठ हललेले दिसले.

“हां,” ती म्हणाली. “हे खरं हाय.”

“मग मी मावशीला सांगून येऊ?”

“तिला सांग, म्हणावं इंदीनं बोलावलं न्हाई. गणितानं बोलावलंय.”

रविवारी दोन गाड्या बदलून मी पलीकडच्या वसाहतीत उतरले. पाचवं वर्ष लागल्यापासून मी मावशीला बघितलंच नव्हतं. कुठलं घर विचारावं म्हणून उभी राहिले, तर नळावरून एक उंच, सुकलेली बाई घागर तशीच टाकून माझ्याकडे आली.

“इंदीची का गं तू? उज्जा?”

“कशावरनं ओळखलंस?”

“चालण्यावरनं. इंदी अशीच चालायची, कुणाचं तरी देणं लागत असल्यावानी.”

हाताला धरून तिनं मला घरात नेलं. माझ्यासाठी चहात मूठभर साखर टाकली. मी चोरून सगळीकडे बघत होते. परसात पाटा होता. पण तो नवा, पाथरवटाच्या टाकीच्या खुणा अजून कोऱ्या.

“आजीचा पाटा कुठंय, मावशी?”

तिनं कपबशी खाली ठेवली. “हाय. नीट हाय. पाटा आणाय पाठवलंय व्हय तुला?”

“न्हाई न्हाई,” मी घाबरून म्हणाले आणि पिशवीतून आलेख काढला. “हे बघ, ही तुझी वसाहत. ही आमची. ही रेघ बघ, हिच्यावर कुठंबी दोघींना सारखंच लांब. हा खडीफाटा. आई हितं यायला तयार हाय.”

तिनं कागद मांडीवर घेतला. तिला अक्षर येत नव्हतं, पण नकाशा तिला एका नजरेत कळला. खडीफाट्याकडे तिनं बघितलंच नाही. दोन रेघा जिथं एकमेकींना छेदत होत्या तिथं तिनं बोट ठेवलं.

“ह्ये काय?”

“मध्यबिंदू. दोन आन् दहा बारा, बाराचे निम्मे सहा. नऊ आन् तीन बारा, तेचेबी निम्मे सहा. बरोब्बर मधोमध. पण त्याचा उपयोग न्हाई, मावशी. तिथं पाणी हाय.”

“पाणी हाय,” ती म्हणाली. बोट तिथंच होतं. “पाण्याखाली काय हाय, ठावं हाय का?”

“काय?”

“आंबेघोळ. तुझा जल्म तिथला, बये.”

मला खरंच ठाऊक नव्हतं. शाळेतल्या नव्या नकाशावर तिथं नुसता निळा रंग होता. जुनं गाव ‘तिकडं पाण्यात’ एवढंच मी लहानपणापासून ऐकत आले होते. आई कधी काठावरसुद्धा जायची नाही.

मावशी कागदाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “औंदा पाणी लई खाली गेलंय. पुलाची जुनी फरशी उघडी पडलीय, नदी वलांडता येतीया. इंदीला म्हण, खडीफाटा नको. हितं ये. बुधवारी, ऊन व्हायच्या आत.”

“पाच किलोमीटर चालायचं तिनं?”

“मीबी पाचच चालणार न्हवं? पाऊल कमी न्हाई, पाऊल जास्त न्हाई. हेच पायजे न्हवं तिला?”

अगदी आईचेच शब्द, जसेच्या तसे. मी तिला ते सांगितलेही नव्हते. पण आईला ऑपरेशन सांगितलंय हे काही तिला माहीत नव्हतं, आणि तोंडातून काढायचं नाही अशी मला तंबी होती. एस.टी.पर्यंत मी ओठ मिटून आले. गाडी लागली, मी पायरीवर पाय ठेवला आणि मला राहवेना.

“मावशी, आईला ऑपरेशन सांगितलंय पिशवीचं. शुक्रवारी. दोन बारी टाळलंय तिनं. अंगात रगात न्हाई.”

मावशी पाठ फिरवून चालू लागली. मी खिडकीतून बघत होते, तिनं मागं वळूनही बघितलं नाही. मला इतका राग आला! असल्या दगडाच्या काळजाच्या बाईसाठी माझी आई जीव टांगणीला लावून बसली होती.

घरी येऊन मी आईला जागा सांगितली. तिनं पुढ्यातलं सूप बाजूला सारलं.

“आंबेघोळात? तिनं आंबेघोळ म्हटलं?”

“व्हय. तुला झेपायचं न्हाई. मी न्हाई म्हणून कळवते.”

“गप बस,” आई म्हणाली. थोड्या वेळानं उठली, फडताळावर हात घातला आणि बारा वर्षांचा धुरळा बसलेला वरवंटा खाली काढून धुतला.

बुधवारी पहाटे तांबडं फुटताना आम्ही निघालो. वरवंटा पिशवीत घालून माझ्या खांद्याला. माळ संपला, उतार लागला आणि मग नुसता भेगाळलेला गाळ, जिकडं बघावं तिकडं. एरवी मावशीकडे जायचं तर धरणाला वळसा घालून चाळीस किलोमीटर पडायचे. त्या दिवशी मात्र मी कागदावर पट्टीनं ओढली होती त्याच सरळ रेषेत आम्ही चालत होतो. आई दोनदा बसली. एकदा तिला घेरी आली. मी म्हणाले, “फिरू या माघारी.” ती म्हणाली, “किती झालं?” मी म्हणाले, “तीन.” ती म्हणाली, “मग दोनच की,” आणि उठली.

आंबेघोळ आलं तेव्हा सूर्य हातभर वर आला होता. गाव कसलं, नुसती जोती. गाळात बुडालेल्या पायऱ्या, चिंचेचा काळा खुंट. पण आईला वाट विचारावी लागली नाही. हा पार, हे वाण्याचं दुकान, हा आमचा बोळ, असं पुटपुटत ती निघाली आणि एका जोत्यापाशी थांबली. जोत्याच्या पलीकडच्या अंगाला हौसामावशी उभी होती. डोक्यावर गाठोडं, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

दोघींच्या मध्ये ते आजीच्या घराचं जोतं, फार तर दहा पावलांचं. आई या कडेला, मावशी त्या कडेला. दोघीही हलेनात. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

“आलीस?” मावशी म्हणाली.

“आले. माझ्या वाटणीचं चालले.”

“वाळलीस गं.”

“तू काय मोठी पैलवान दिसतीयास!”

शेवटी आईनं माझ्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली, वरवंटा बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

“हे घे. तुझ्याकडं पाटा हाय, तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे दोन्ही. शुक्रवारी माझं काय व्हईल ते व्हईल. आयचं सामान अर्धंअर्धं ठिवून मला जायचं न्हाई.”

मावशीनं वरवंटा घेतला नाही. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, जोत्यावर चढली आणि उगवतीच्या कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसली. हातांनी गाळ उकरायला लागली. ओला, काळा गाळ, ढेकळं निघत होती. कोपरापर्यंत हात बरबटले.

“अक्के, काय करतीस?”

ती उकरतच राहिली. मग तळहातानं एक जागा पुसली, पदर ओला होता त्यानं पुसली. खाली दगड दिसायला लागला. सपाट, एक कोपरा उडालेला.

आईच्या हातातला वरवंटा खाली पडला. तो कोपरा तिनंच लहानपणी उडवला होता, नारळ फोडताना. ते मी शंभर वेळा ऐकलेलं होतं.

“ह्यो… हितं?”

“हितंच हाय,” मावशी म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. “पैल्यापासनं हितंच हाय. ट्रक भरला, पाणी बोळाच्या तोंडाला आलेलं. डायवर शिव्या घालाय लागला. मी म्हटलं, दगूडच हाय, ऱ्हाऊ दे. आन् मागनं आयनं तीनदा इचारलं, हौसे, पाटा घेतलास का? तीनदा मी व्हय म्हटलं.”

“मग मला तरी सांगायचंस!”

“आयला खोटं बोलले इंदे. ती मरताना तेच खरं धरून गेली. मग तुला कुठल्या तोंडानं सांगू? तू म्हणालीस, पाटा दाबून बसलीस. मी म्हटलं, हेच बरं. चोर म्हणू दे, पण आयचा पाटा बुडिवला म्हणू नको.” ती पाटा पुसतच होती. “दर सालच्या उन्हाळ्यात काठावर येऊन बघायची. पाणी घरापतोर कधी उतरायचंच न्हाई. औंदा उतरलं.”

आई तिच्याकडे बघत उभी होती. मग ती जोत्यावर चढली. ती दहा पावलं कुणी किती चाललं, ते माझ्या आलेखात बसणारं नव्हतं. मावशीच्या शेजारी ती गाळातच बसली, तिच्या पाठीवर एक धपाटा घातला, आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडल्या, आजी त्याच दिवशी गेल्यासारख्या. मी लांब जाऊन चिंचेच्या खुंटावर बसले आणि मीही यथास्थित रडून घेतलं.

पाटा काही हलला नाही. तिघींनी जोर लावला, पण गाळानं तो पक्का धरून ठेवला होता. आईनं वरवंटा धुतला आणि पाट्यावर ठेवला. एकदा पुढं, एकदा मागं फिरवला. दगडावर दगडाचा आवाज आला.

“हितंच ऱ्हाऊ दे दोन्ही,” ती म्हणाली. “म्हंजी भांडाण न्हाई.”

ऊन चढायला लागलं होतं. मी म्हणाले, “मावशी, फरशीपर्यंत सोडू का तुला?”

“मला? मी कशाला तिकडं जाऊ?” मावशीनं गाठोडं डोक्यावर घेतलं. त्यात लुगडी होती, रव्याचे लाडू होते, तांब्या होता, आणि दवाखान्यात खाली अंथरायला एक वाकळ होती. मी एस.टी.च्या पायरीवरून जे बोलले होते त्यावर तिनं मागं वळून न बघता थेट घरी जाऊन गाठोडं बांधलं होतं.

आम्ही आमच्या अंगाला चालू लागलो. मावशीचा एक हात डोक्यावरच्या गाठोड्याला, दुसरा आईच्या दंडाखाली. आईला धाप लागली की दोघी थांबायच्या. उतार चढून माळावर आलो, आमच्या वसाहतीचे पत्रे दिसायला लागले, तशी आई एकाएकी थांबली.

“अक्के, आपलं निम्मं-निम्मं ठरलंतं.”

“मग?”

“तू तर पुरं चाललीस की. तुझ्या दारापासनं माझ्या दारापतोर.”

मावशीनं पदरानं आईचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं.

“थोरली न्हवं का मी?” ती म्हणाली. “चल, ऊन झालं.”